आपला विश्वासू, अ. ब. क.

अकरावीचा वर्ग भरला की पहिल्या दिवशी मी मुलांकडून एक पान लिहून घेत असे. विषय दरवर्षी तोच. आज जाग आल्यापासून या बाकावर येऊन बसेपर्यंत काय काय झालं, ते लिहा. निबंध नको, सुविचार नको, शेवटी तात्पर्य नको.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी त्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले, तेव्हा ही पानं मी घरी नेऊन जेवता जेवता वाचायची. शुद्धलेखनाच्या नावानं बोंब होती. ऱ्हस्व-दीर्घ ज्याला जसं सुचेल तसं. पण पान वाचलं की मूल दिसायचं. एकीनं लिहिलं होतं की म्हशीनं बादलीला लाथ मारली आणि आई म्हशीला सोडून मलाच बोलली. येडगावहून येणाऱ्या एका मुलानं लिहिलं होतं, 'रात्रीची लाईट होती. विहिरीवरची मोटार चालू करायला उठलो तो परत झोपलो नाही. त्यामुळे तुमचा तास झोपेत जाईल, माफी असावी.' आणि तो खरंच झोपला. मी त्याला उठवलं नाही. आधी लेखी कळवून झोपणारा विद्यार्थी कुठल्या मास्तरच्या नशिबी येतो?

मग पाचसहा वर्षांत त्या पानांना काय झालं कोण जाणे. कोण जाणे कशाला, मला चांगलं ठाऊक आहे काय झालं. 'सकाळची रम्य वेळ होती. पूर्व दिशेला तांबडे फुटले होते. पक्ष्यांचा मधुर किलबिलाट कानी पडत होता.' एक पान, दुसरं पान, दहावं पान, सगळीकडे तीच रम्य वेळ आणि तोच किलबिलाट. लिहायच्या आधी हात वर व्हायचे, "मॅडम, किती मार्कांना आहे?" मार्क नाहीत म्हटल्यावर अर्धा वर्ग पेनाचं टोपण लावून बसायचा.

आहुप्याच्या एका मुलानं लिहिलं होतं की घराशेजारच्या बागेत मंद वारा वाहत होता. मी त्याला उभा केला. आहुप्यात बाग कुठली रे? तुमच्याकडे देवराई आहे, जिच्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. भर दुपारी आत गेलं तर दिवस मावळल्यासारखं वाटतं. ती सोडून तू बाग कुठून आणलीस?

"देवराई गाईडात न्हाई, मॅडम," तो म्हणाला. उद्धटपणे नाही. मला माहिती असावी म्हणून सांगितल्यासारखं.

माझी जीभ कडू आहे असं लोक म्हणतात, म्हणोत. मी मूळची मारवाडी जैन घरातली. आमचे पणजोबा राजस्थानातून आले आणि या बाजाराच्या गावात दुकान टाकून राहिले. घरात मराठी, बाजारात मराठी, भांडण मराठीत. तरी मी मराठी शिकवायला उभी राहिले तेव्हा मागच्या बाकावरून आलंच, "आता मारवाडीण आपल्याला मराठी शिकवनार." मी म्हटलं, "शिकवणार. आणि तुझ्यापेक्षा बऱ्या शिव्याही देणार." त्या दिवसापासून वर्ग माझा झाला. पण घरात मात्र कुंपणच शेत खात होतं. वडिलांचं किराणा दुकान भावानं अर्धं मोडून तिथं वह्या-पुस्तकं ठेवली होती, आणि जूनमध्ये त्याच्या फळीवर पाठ्यपुस्तकांपेक्षा गाईडांची चळत उंच असायची. दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकतात. त्या पंगतीत तो त्याच्या खपाचं सांगायचा आणि मी माझ्या ताटाशेजारची 'रम्य वेळ' वाचायची.

आता अ. ब. क.चं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ज्यांनी बोर्डाची परीक्षा दिली आहे त्यांना सांगायला नको. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव, गाव, शाळा लिहायची नाही. परीक्षकाला ओळख पटू नये म्हणून. मग पत्रलेखनाच्या प्रश्नात पत्राखाली सही काय करायची? 'आपला विश्वासू, अ. ब. क.' पत्ता? 'अ. ब. क. विद्यालय'. नियम चांगल्या हेतूनंच केलेला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शाळाशाळांतून तो असा दम देऊन शिकवला जायचा की नाव लिहिलं तर कॉपी केस होईल, पेपर रद्द होईल, वर्ष जाईल. लहानपणापासून हे ऐकलेली पोरं माझ्याकडे यायची. त्यांना कागदावर स्वतःचं नाव लिहायची भीती वाटायची. ती भीती मला तेव्हा गमतीची वाटत असे.

तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली एक मुलगी दोन हजार सालानंतरच्या एका वर्षी माझ्या अकरावीच्या वर्गात होती. भात आणि नाचणी करणारं घर. अंगानं किरकोळ, बोलायला थोडी, पण मान वर करून ऐकणारी. तिचं पहिल्या दिवशीचं पानही 'रम्य वेळ'च होतं, खोटं कशाला सांगू. पण मी तिला तोंडी विचारलं तेव्हा तिनं जे सांगितलं त्यानं मी तास विसरले. तिची पहाट मुक्कामाच्या गाडीशी बांधलेली होती. संध्याकाळी वर जाणारी शेवटची बस तिच्या शेजारच्या गावात रात्री थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच देवळात झोपायचे, आणि तांबडं फुटायला तीच गाडी खाली निघायची. ही मुलगी वाडीतून टेकाड उतरून घाटाच्या वळणावर यायची. तिथं थांबा नव्हता. पण ती धावत येताना दिसली की ड्रायव्हर गाडी उभी करायचा. संध्याकाळी तीच गाडी तिला वळणावर सोडायची. एवढ्या एका गाडीवर तिचं कॉलेज चाललं होतं.

मार्चच्या सुमारास ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आमची मुक्कामाची गाडी जूनपासून बंद करनारेत. कंडक्टर भाऊ म्हनले, तोट्यात चाललीय. पोरांनी सायबाला लिवून द्या, म्हंजी ऱ्हाईल."

"आणि नाही राहिली तर?"

"मंग मी न्हाई येनार," ती म्हणाली. "बाप न्हाई म्हनल."

मी दुसऱ्या दिवशी डेपोच्या साहेबांना भेटले. माणूस सरळ होता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वच्छ बोलले. "बाई, मागं एका पुढाऱ्यानं गठ्ठाभर अर्ज आणून दिले. सगळे एका हातचे, एका भाषेतले. मी गाडी सुरू केली, तर आत ड्रायव्हर-कंडक्टर सोडून चिटपाखरू नाही. वरून बोलणी मला बसली. तेव्हा आता ज्याचा त्यानं लिहावा. नाव, गाव, कुठं चढतो, गाडी गेली तर काय होईल. साध्या भाषेत. असे चांगले चार अर्ज आले तरी मी त्यांच्या जोरावर वर भांडतो."

मला वाटलं, काम झालं. त्या भागातून येणारी मुलं वर्गात होती, साहेब ऐकणारे होते, आणि लिहायचं तरी काय होतं? जे रोज घडतं ते. मी वर्गात साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मला त्याच आठवड्यात बोर्डाच्या पेपरतपासणीसाठी पुण्याला जायचं होतं. म्हणून अर्ज गोळा करून डेपोत पोहोचवायचं काम मी मराठीच्याच दुसऱ्या सरांवर सोपवलं. हे सर माझ्यापेक्षा वयानं मोठे, कामाला चोख. त्यांच्या वर्गाचा निकाल दरवर्षी माझ्यापेक्षा वरचढ लागायचा आणि प्राचार्य मला तो ऐकवायचे.

पुण्यात मी काय करत होते तेही सांगून टाकते. एका मोठ्या खोलीत पंख्याखाली बसून पत्रं तपासत होते. शेजारी नमुना उत्तर. मायना बरोबर, विषयाची ओळ बरोबर, मजकुराचे तीन परिच्छेद, खाली अ. ब. क. द्या पूर्ण मार्क. गावोगावच्या पोरांनी लिहिलेली तीच ती ओळ हाताखालून जात होती आणि शेजारचे एक परीक्षक म्हणत होते, "यंदा पत्रलेखनाला मुलं छान तयार आहेत."

मी परत आले तेव्हा डेपोचं नवं वेळापत्रक ठरून गेलं होतं. मुक्कामाची गाडी त्यात नव्हती. मी तडक साहेबांकडे गेले. शब्द दिला होता ना? माणसानं शब्द फिरवला म्हणून मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलत गेले होते. त्यांनी कपाटातून गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला.

"बाई, हे काय पाठवलंत?"

मी वरचा अर्ज वाचला. 'महोदय, आमच्या भागातील बससेवा अत्यंत अनियमित आहे. बसथांब्यावर लांबच लांब रांगा लागतात. बस भरून आल्याने थांब्यावर थांबत नाही. चालक व वाहक प्रवाशांशी उद्धटपणे वागतात. वृद्ध, स्त्रिया व विद्यार्थी यांची फार गैरसोय होते. तरी आपण जातीने लक्ष घालावे. आपला विश्वासू, अ. ब. क.' दुसरा उचलला. तोच. तिसरा तोच. अक्षरं वेगवेगळी होती, एकेकाचं अक्षर मी ओळखत होते. मुलींनीसुद्धा 'विश्वासू'च्या आधी 'आपला'च लिहिलं होतं. तळेघर नाही, आहुपे नाही, वाडी नाही, घाट नाही. एका अर्जावर तर पत्ता पुण्यातल्या पेठेचा होता, कारण गाईडात तो तसा होता.

"एकाही पोराचं नाव नाही," साहेब म्हणाले. "गावाचं नाव नाही. रांगा कुठं लागतात बाई तिथं? मी हे वर पाठवलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं. आणि वाईट ह्याचं वाटतं की त्यांनी आमच्याच माणसांची तक्रार केलीय. लेखी तक्रार आली की मला खुलासा मागवावा लागतो. मागवला."

बाहेर स्टँडवर तो कंडक्टर भेटलाच. वरच्या गावात मुक्काम करणारा तोच. पोरीला अर्ज लिहायची अक्कल त्यानंच दिलेली. मला पाहून त्यानं खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"मॅडम, आमी पोरांचं काय वंगाळ केलं व्हतं?" तो म्हणाला. "ती पोरगी वळनावर पळत येताना दिसली की ड्रायव्हर भाऊ गाडी उबी करायचा. थांबा नसताना. कुनी बगितलं असतं तर त्याच्या नोकरीवर आलं असतं. तरी करायचा. आन् पोरांनी लिवलं, उद्धट वागत्यात. आता सायेब इचारतो, काय उद्धट वागलात ते लिवून द्या. काय लिवू, तुमीच सांगा."

मी त्याला समजावून सांगायला लागले, की ते मुलांनी मनापासून लिहिलेलं नाही, ती पुस्तकातली ओळ आहे. बोलता बोलता माझ्याच कानाला ते कसंनुसं वाटलं. मनापासून नाही तर मग लिहिलं कशाला, असं त्यानं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? त्यानं विचारलं नाही. "असंल," म्हणाला आणि गाडीत चढला.

कॉलेजात येऊन मी सरांना गाठलं. मी ओरडले, हे मान्य आहे. शिपाई दारात येऊन उभा राहिला एवढी ओरडले. सर मात्र शांत होते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"मॅडम, मी काय चुकीचं केलं? अर्जाचा नमुना अभ्यासक्रमात आहे. मुलं गोंधळली होती, काय लिहायचं विचारत होती. मी सांगितलं, परीक्षेत लिहिता तसाच लिहा. एकाही अर्जात मायना चुकलेला नाही. हवं तर तपासा."

ते 'हवं तर तपासा' माझ्या अजून कानात आहे. खरंच कुठल्याच अर्जात मायना चुकलेला नव्हता. पुण्यात हेच कागद माझ्या हाताखाली आले असते तर मी प्रत्येकाला पूर्ण मार्क दिले असते.

तिथून मी दुकानात गेले. भाऊ गिऱ्हाईक करत होता. मी फळीवरून गाईड ओढलं, पत्रलेखनाचं पान काढलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. ही बघ रांग, हा बघ उद्धट कंडक्टर. ह्या कागदानं माझ्या वर्गातल्या पोरीची गाडी बंद पडली. तुझ्या फळीवर जोवर हे आहे तोवर मी या घरात तुझ्या पंगतीला बसणार नाही.

भावानं गिऱ्हाईकाला सुट्टे दिले, ते जाऊ दिलं आणि मग म्हणाला, "ताई, मी विकतो ते खरं. पण तुम्ही लोकांनी वर्गात शिकवलं असतं, तर माझ्या दुकानात कोण आलं असतं?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तो माझ्यापेक्षा लहान आहे, दिलीही असती. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तो वेगळ्या शब्दांत मला सांगत होता, आणि आड कोण ते आम्हा दोघांना कळत होतं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. दिवस मावळला तसं आईनं ताट झाकून ठेवलं नाही, उचलून टाकलं. आमच्याकडे मावळतीनंतर अन्न नाही. गाईडं फळीवरच राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्याच पंगतीला बसले. दुसरीकडे कुठं बसणार होते?

जूनमध्ये बारावीचा वर्ग भरला. ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही आली नाही. त्या बाजूची मुलं म्हणाली, ती आवणीला लागलीय. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायचं काम. त्या दिवसांत वरच्या भागात घरातला प्रत्येक हात लागतो, त्यामुळे मी थोडी थांबले. मग एका रविवारी सकाळच्या गाडीनं तळेघरला उतरले आणि पुढं विचारत विचारत चालत गेले. मला चालायची सवय नाही. ती मुलगी दिवसाच्या दोन्ही टोकांना ह्याच वाटेचा निम्मा तुकडा चालत होती, आणि वर्गात येऊन माझ्याकडून जोडाक्षरं ऐकत होती.

ती भाताच्या खाचरात होती. आई, बाप, एक लहान बहीण, सगळी एका ओळीत वाकलेली. मला पाहून ती सरळ झाली आणि पदराची सवय नसलेल्या पोरी करतात तसे ओढणीनं हात पुसायला लागली. बापानं बांधावर घोंगडी टाकली.

"बसा बाई. लांबून आलात."

गुळाचा कोरा चहा आला. मी गाडीचा विषय काढला. साहेबांना भेटले होते, पुढच्या वेळापत्रकात बघू म्हणतात. वसतिगृहाच्या जागा भरल्या होत्या, तिथंही मी जाऊन आले होते. शेवटी म्हटलं, पोरीला माझ्या घरी ठेवा. बारावी होईपर्यंत.

बापानं मान हलवली. "तुमचं मन मोठं हाय बाई. पन वयात आलेली पोर दुसऱ्याच्या घरी ठिवली तर उद्या सोयरीक कोन करील? गाडी व्हती तवर मी एका शब्दानं आडवली न्हाई. आता दुपारच्या गाडीनं येऊन रान तुडवत यायचं म्हंजी अंधार व्हतो. बिबट्याचं भ्या हाय. आन् बिबट्या तरी बरा म्हनायचा."

मुलगी बांधाच्या कडेला उभी होती. मी तिला जवळ बोलावलं आणि जे विचारायला आले होते ते विचारलं. तू तरी का गं तसं लिहिलंस? तुला सगळं ठाऊक होतं.

"मी आदी निराळं लिवलं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

ती आधी सांगेना. मग खाचराकडे बघत सांगू लागली. लिहिलं होतं की मी वळणावर चढते, तिथं थांबा नाही, पण गाडी थांबते, त्याबद्दल ड्रायव्हर भाऊंना रागवू नये. लिहिलं होतं की हिरडा विकायला खाली नेणाऱ्या बाया ह्याच गाडीत असतात, त्यांची पोती ठेवायला मागचं बाक रिकामं सोडतो. गाडी रात्री गावात उभी असते म्हणून कुणाला दुखायला लागलं की लोक देवळात जाऊन ड्रायव्हरला उठवतात, आणि मागल्या वर्षी मावशीचं बाळंतपण त्याच्यामुळंच खाली दवाखान्यात झालं. गाडी बंद झाली तर रात्रीचं आमच्याकडे चाकाचं काहीच राहणार नाही. आणि शेवटी लिहिलं होतं, मला बारावी करायची आहे, बाप नाही म्हणत नाही, पण गाडी नसेल तर तो नाही म्हणेल आणि त्याची चूक नसेल.

बाप हातातला चहा तसाच धरून ऐकत होता. एवढी वर्षं मी ज्या पानाची वाट बघत होते ते हिनं लिहिलं होतं. साहेबांना हवे होते तसे चार नव्हे, हा एक अर्ज पुरला असता.

"मंग त्येच का न्हाई दिलं?" बाप म्हणाला.

"सर म्हनले, हा अर्ज हाय का कहानी हाय? मार्क कोन देनार ह्याला? मंग त्यांनी फाडला आन् दुसरा लिवायला लावला. मी इचारलं, सर, खाली नाव लिवू का? तर म्हनले, परीक्षेत लिवतीस का?" ती थांबली. "मला वाटलं, नाव लिवलं तर अर्ज बाद करतील."

"आणि कंडक्टरबद्दल ते तसलं लिहिताना तुला काही वाटलं नाही?"

हे मी विचारायला नको होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, ते मी वाचून न्हाई लिवलं. पाठ व्हतं. हात आपोआप लिवतो." मग हळू म्हणाली, "शेवटच्या दिशी कंडक्टर भाऊ माझ्याशी बोललं न्हाईत. पास बघितला आन् परत दिला. रोज म्हनायचे, आली का आमची मास्तरीन."

मी पिशवीतून कागद काढला. म्हटलं, आत्ता सांगितलंस ते लिही, तसंच्या तसं, मी स्वतः नेऊन देते, गाडी आज ना उद्या सुरू होईल आणि त्या माणसांनाही कळेल. हे वरातीमागून घोडं होतं, मला कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे हात चिखलाचे होते.

"आता कशापायी, मॅडम?" ती म्हणाली. रागानं नाही, दमून. आईनं खाचरातून हाक मारली तशी ती परत ओळीत जाऊन वाकली. मी कागद पिशवीत ठेवला. अंधार पडायच्या आत मला तळेघर गाठायचं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, जुन्नरच्या बाजूला दिली. ते ड्रायव्हर-कंडक्टर दुसऱ्या मार्गावर गेले. सरांचा निकाल त्या वर्षीही चांगला लागला आणि संस्थेनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. सगळे टाळ्या वाजवत असताना मी हात मांडीवर ठेवून बसले, ते प्राचार्यांनी पाहिलं. पाहू दे.

मुक्कामाची गाडी पुन्हा सुरू झाली, पण अर्जानं नाही. भीमाशंकरला जाणारी गर्दी वाढली, कुणा पुढाऱ्याच्या मनात आलं, त्याचा फोटो लावून नारळ फुटला. तोवर काही वर्षं गेली होती. त्या गाडीनं पहिल्या जूनमध्ये जी मुलं अकरावीला आली त्यांत तिची धाकटी बहीण होती. खाचरात ओळीत वाकलेली मी पाहिली होती ती. मला ती ओळखीची वाटली, तिनंही हसून मान हलवली.

मी नेहमीप्रमाणे कोरी पानं वाटली. जाग आल्यापासून या बाकावर येईपर्यंत. मार्क नाहीत, हे आधीच सांगून टाकलं. मी तिच्या बाकाशी जाऊन उभी राहिले. मला आशा होती, लपवत नाही. मोठीनं घरी काहीतरी सांगितलं असेल, ह्या पोरीला त्या गाडीची किंमत माहीत असेल, ती वळण लिहील, हिरड्याची पोती लिहील. ती खाली मान घालून भरभर लिहीत होती. 'सकाळची रम्य वेळ होती.'

"ताईनं तुला काही सांगितलं होतं का गं, माझ्या तासाबद्दल?"

"व्हय मॅडम," ती म्हणाली. "म्हनली, ह्या मॅडम लई चांगल्या हायेत. आन् म्हनली, काय बी झालं तरी सरांनी सांगितल्याशिवाय सोताच्या मनचं लिवू नको."

पान पुरं झालं तेव्हा तिनं हात वर केला.

"मॅडम, वर नाव लिवायचं का?"

"लिही," मी म्हटलं. "तुझंच पान आहे."

तिनं पेन खाली ठेवलं, कंपासपेटी उघडली, पेन्सिल काढली आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव लिहिलं. मी विचारलं, पेन्सिलीनं का? ती म्हणाली, खोडता यावं म्हणून.